अल्प भांडवलाचे चित्रपट आणि त्यांचें दीर्घायुष्य

मंगरूळपीर हें वऱ्हाडांतील एक तालुक्याचें गांव. दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळें त्याच्या नांवास 'पीर' हा शब्द जडला, आणि बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेमुळें त्याची ख्याति पंचक्रोशीबाहेर गेली. १९९८ सालीं वाशीम जिल्हा अकोल्याहून वेगळा झाला, तेव्हांपासून हें गांव त्या जिल्ह्यांत मोडतें. उरूस असो वा यात्रा असो, बांगड्यांच्या राहुट्या, रेवड्या-शेवेचीं दुकानें, पाळणे आणि फिरत्या सिनेमाचा तंबू यांवांचून ती पुरी झाली असें कोणी मानीत नसे, अशा काळांत आमचें बालपण गेलें. ज्या चित्रपटाची मुंबईंत कोणी आठवणहि काढीत नसेल, तो आमच्याकडे कित्येक वर्षांनीं येई. आणि येई तोहि ठिकठिकाणीं तुटून जोडलेला, ओरखड्यांनीं भरलेला. मध्येंच फीत तुटे, पडद्यावर पांढरा उजेड पडे, आणि तंबूंत एकच गलका उठे. पण त्या गलक्यांतून थोड्याच वेळांत एक नवल घडे. आदल्या रात्रीं तोच खेळ पाहून गेलेला कोणी हमाल वा शेतमजूर खलनायकाचें वाक्य मोठ्यानें म्हणे. दुसऱ्या कोपऱ्यांतून नायकाचें उत्तर येई. आणि यंत्र चालविणारा मनुष्य फीत जोडून मोकळा होईपर्यंत कथा बरीच पुढें गेलेली असे.

पुढें शहरांत राहून आम्हीं थोर दिग्दर्शकांचीं अनेक नामांकित चित्रें पाहिलीं, त्यांवरील ग्रंथ वाचले, आणि अभिरुचि म्हणून जी कांहीं वस्तु असते ती यथाशक्ति संपादन केली. परंतु आज स्मृतीचें गांठोडें सोडून पाहिलें तर लक्षावधि रुपये खर्चून उभारलेले किती तरी महाल त्यांतून नाहींसे झालेले दिसतात, आणि पुठ्ठ्याची तरवार घेऊन लढणारा एखादा नायक मात्र जसाच्या तसा उभा असतो. हा अनुभव आमच्या एकट्याचा नव्हे. थोडक्या पैशांत, अपुऱ्या साधनांनीं, कधीं कधीं उघड अडाणीपणानें काढलेल्या कांहीं चित्रपटांभोवतीं सर्व देशांत प्रेक्षकांचा एक निष्ठावंत संप्रदाय जमतो. अशा चित्रपटांस इंग्रजी टीकाकार 'कल्ट' असें विशेषण लावतात. तो शब्द मुळांत पूजेचा व उपासनेचा आहे, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कारण थट्टा करण्यासाठीं कोणी देऊळ बांधीत नाहीं.

या उपासनेचें कारण काय, असा प्रश्न केला असतां साधारणतः दोन उत्तरें मिळतात. एक असें कीं, बहुजनसमाजास अभिरुचि नसते, त्यास भडक तें गोड लागतें. दुसरें उत्तर अलीकडचें आहे : लोक या चित्रपटांतील वाईटपणास हंसावयास जातात. हीं दोन्ही उत्तरें आम्हांस अपुरीं वाटतात. पहिलें खरें मानावें, तर भडक आणि खर्चिक असे शेंकडों चित्रपट विस्मृतींत कां गेले याचा उलगडा होत नाहीं. दुसरें खरें मानावें, तर मनुष्य एकाच चुकीस पन्नास वेळां हंसूं शकत नाहीं, ही साधी गोष्ट आड येते. आमच्या मतें खरें कारण त्या तुटक्या फितींत आहे. ज्या कलाकृतींत उणीव उघडी राहते, तेथें प्रेक्षकाला शिरण्यास वाट मिळते. तो ती उणीव आपल्या पदरची कल्पना घालून भरून काढतो, आणि जें आपण भरून काढलें तें आपलें वाटूं लागतें. या विधानाची कसोटी इतिहासावर लावून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा व्यवहार आपल्याकडे चित्रपटाबरोबर आला नाहीं. तो फार जुना आहे. कोंकणांतील दशावतारांत रंगभूमीवर एक बांक असतें. त्यावर राजा बसला म्हणजे तें सिंहासन होतें, आणि तो उठून गेला म्हणजे तेंच बांक पुढच्या प्रवेशांत दुसरें कांहीं होतें. कीर्तनकार उपरण्याचा पदर डोक्यावर घेतो आणि क्षणांत कौसल्या होतो. त्याच्या मिशा कोणाच्या आड येत नाहींत. विदर्भांतील दंडार आणि खडी गंमत, दारोदार फिरणारा बहुरूपी, या सर्वांचा आधार एकच. खेळ करणाऱ्यानें खूण करावयाची आणि पाहणाऱ्यानें ती पुरी करावयाची, असा तो मुका करार आहे. आपला प्रेक्षक फसत होता असें समजणें चुकीचें होईल. बांक हें बांकच आहे हें त्यास पुरतें ठाऊक होतें. आणि ठाऊक असूनहि त्याला सिंहासन मानण्यांत जो आनंद आहे, तो त्यानें शतकानुशतकें चाखलेला होता.

हिंदी चित्रपटाचा आरंभहि याच करारावर झाला. दादासाहेब फाळके यांनीं १९११ सालीं मुंबईंत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला आणि आपल्या देवांचीं चरित्रें अशींच पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. जवळ भांडवल नव्हतें; तें त्यांनीं आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकून उभें केलें. सावकाराची खात्री पटविण्यासाठीं त्यांनीं वाटाण्याचें रोप उगवून वाढतांना टिपलें. घरची सर्व माणसें कारखान्यांतील कामगार झालीं. सरस्वतीबाई रात्रीं बसून कच्च्या फितीस भोंकें पाडीत आणि दिवसां सर्व मंडळींचा स्वयंपाक सांभाळीत. तारामतीच्या भूमिकेस कोणी स्त्री मिळेना, तेव्हां उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. तारामतीच्या हाताचीं हाडें पुरुषाचीं आहेत हें प्रेक्षकांस दिसत नव्हतें काय? दिसतच होतें. पण नाटकांतील स्त्रीपार्टी नटांना पाहून मुरलेल्या त्या डोळ्यांस तें पुरें करून घेणें नवें नव्हतें. ज्या धंद्यांत आज कोट्यवधि रुपयांची उलाढाल चालते, त्याचें मूळ घरगुती चुलीपाशीं आहे, ही गोष्ट सहसा कोणी आठवीत नाहीं.

बोलपट आले आणि खर्च वाढला, तशी प्रेक्षकांची विभागणी झाली. एकीकडे प्रभात व न्यू थिएटर्स यांचे मान्यवर बोलपट, आणि दुसरीकडे गिरणगांवांतील व लहान गांवांतील प्रेक्षकांसाठीं काढलेले मारामारीचे बोलपट. या दुसऱ्या वर्गांत वाडिया मूव्हीटोनचा १९३५ सालचा 'हंटरवाली' अग्रभागीं आहे. त्यांतील नादिया ही ऑस्ट्रेलियांत जन्मलेली स्त्री. हातीं चाबूक घेऊन ती दुष्टांचें पारिपत्य करी, आणि साहसाचे प्रसंग जातीनें करी. सुशिक्षितांच्या बैठकींत या चित्रपटाचें नांव निघत नसे. परंतु ज्यांना दिवसभर मुकादमाचे शब्द ऐकावे लागत, त्यांना तो चाबूक कोणासाठीं आहे हें सांगावें लागत नव्हतें.

याच पंथांतील भगवान आबाजी पालव, म्हणजे भगवानदादा, हे जन्मानें आमच्या वऱ्हाडचे. १९१३ सालीं, म्हणजे हरिश्चंद्राच्याच वर्षीं, अमरावतीस त्यांचा जन्म झाला. वडील गिरणीकामगार होते. स्वतः भगवानांनींहि मजुरी केली. १९३८ सालच्या 'बहादुर किसान' या चित्रपटापासून पुढें दहाबारा वर्षें त्यांनीं अगदीं थोडक्या पैशांत एकामागून एक मारधाडीचे बोलपट काढले. हाताशीं वेळ थोडा, फीत मोजकी. अशा स्थितींत चूक झाली तरी तीच पुढें न्यावयाची, हा त्या धंद्याचा रिवाज होता. त्यानंतर १९५१ सालीं त्यांचा 'अलबेला' आला. गोलसर बांध्याचा, साध्या चेहऱ्याचा, गरिबींतून नट होऊं पाहणारा त्याचा नायक कोणत्याहि अर्थानें रूपवान नव्हता. त्याचें नृत्य तर असें कीं, पाहणाऱ्या प्रत्येकास तें आपल्यालाहि येईल असें वाटावें. सी. रामचंद्रांचें संगीत आणि गीता बाली यांचा अभिनय यांचें श्रेय मोठेंच आहे. पण आज लग्नाच्या वरातींत वयस्क माणसें हात किंचित् वर उचलून, पाय जेमतेम हालवून जें नाचतात, तें भगवानदादांचें देणें आहे. निष्णात नर्तकाचें नृत्य आपण पाहतों. भगवानदादांचें नृत्य आपण नाचतों. आमच्या सिद्धांताचें याहून सोपें उदाहरण शोधूनहि सांपडणार नाहीं.

असाच प्रकार पुढें दोन निराळ्या वाटांनीं घडला. १९७१ सालीं दादा कोंडके यांनीं 'सोंगाड्या' काढला. वसंत सबनीस यांचें लेखन आणि गोविंद कुलकर्णी यांचें दिग्दर्शन. कोंडके वगनाट्याच्या फडांतून आलेले असल्यामुळें प्रेक्षकाकडे तोंड करून बोलण्याची त्यांची संवय पडद्यावरहि सुटली नाहीं. त्यांचा नाम्या हा भोळा मुलगा तंबूंतील प्रत्येकाशीं वैयक्तिक ओळख असल्यासारखा वागे. टीकाकारांनीं नाकें मुरडलीं, आणि त्यांच्या विनोदांतील द्व्यर्थासंबंधानें तीं अगदींच अकारण मुरडलीं असें आम्ही म्हणणार नाहीं. पण गांवोगांवचे लोक त्यांचीं वाक्यें पाठ म्हणत राहिले. दुसरी वाट रामसे बंधूंची. त्या सात भावांनीं लेखन, छायालेखन, ध्वनि, दिग्दर्शन हीं कामें आपसांत वांटून घेतलीं, आणि महाबळेश्वरीं जाऊन 'दो गज जमीन के नीचे' हा भयपट तयार केला. तो १९७२ सालीं आला. त्यांच्या पिशाच्चांचे मुखवटे मुखवटेच दिसत. तरीहि खेळ सुटल्यावर अंधाऱ्या वाटेनें घरीं जातांना आमची मंडळी मोठमोठ्यानें गाणीं कां म्हणत, हें ज्याचें त्यानें आपल्या मनास विचारावें.

ही केवळ आपल्या देशाची तऱ्हा नाहीं हें दाखविण्यास परदेशांतील दोन उदाहरणें पुरेशीं आहेत. अमेरिकेंत एड वुड नांवाच्या दिग्दर्शकानें 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' हा चित्रपट काढला. त्यांतील प्रसिद्ध नट बेला लुगोसी १९५६ सालींच वारला असल्यानें, झग्यानें तोंड झांकलेला एक निराळाच मनुष्य त्याच्या जागीं उभा करण्यांत आला. वुड १९७८ सालीं दारिद्र्यांत मेला. आणि त्यानंतर दोन वर्षांनीं एका पुस्तकानें त्याच्या या चित्रपटास जगांतील सर्वांत वाईट ठरविलें, तेव्हां त्याची कीर्ति सुरू झाली. लोक प्रथम हंसावयास आले, हें खरें. परंतु जे पुनःपुन्हां आले ते हंसण्यासाठीं आले नाहींत; ज्या मनुष्यास कोणीहि पैसा दिला नाहीं आणि तरीहि ज्यानें चित्रपट काढण्याचें सोडलें नाहीं, त्याच्या वेडाशीं त्यांची ओळख पटली. दुसरें उदाहरण १९६८ सालच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चें. पिट्सबर्गच्या कांहीं जाहिरातपट काढणाऱ्या तरुणांनीं सुमारें एक लक्ष चौदा हजार डॉलरांत तो केला. रक्ताच्या जागीं चॉकोलेटचा पाक वापरला. चित्रपटाचें नांव बदलतांना स्वामित्वाची सूचना छापावयाची राहून गेली, आणि त्या एका चुकीनें तो कोणाच्याहि मालकीचा राहिला नाहीं. निर्मात्यांचें त्यांत मोठें नुकसान झालें. परंतु वाटेल त्यानें तो दाखवावा अशी मोकळीक झाल्यामुळें तो घरोघर पोंचला. प्रेमास जशी वाट लागते तशी ती सुलभहि असावी लागते, एवढा बोध त्यांतून निघतो.

आतां पुन्हां महाराष्ट्रांत येऊं. नाशिक जिल्ह्यांतील मालेगांव हें यंत्रमागांचें शहर. वृत्तपत्रांत त्याचें नांव येई तें बहुधा दंगलीसाठीं, आणि ८ सप्टेंबर २००६ नंतर बाँबस्फोटांसाठीं. येथें माग शुक्रवारीं बंद असतात आणि त्या दिवशीं विणकर चित्रपट पाहतात. अशा शहरांत नासिर शेख हा तरुण एक लहानसें व्हिडिओगृह चालवीत असे. इतरांचे चित्रपट दाखवितां दाखवितां आपणहि एखादा काढावा असें त्याच्या मनानें घेतलें, आणि २००० सालीं 'मालेगांव के शोले' तयार झाला. खर्च सुमारें पन्नास हजार रुपये. लग्नसमारंभाचीं चित्रें घेण्याचा साधा कॅमेरा, दोन व्हिडिओयंत्रें एकमेकांस जोडून केलेली जुळवाजुळव, आणि नट म्हणून मागावरचे कामगार. मूळ चित्रपटांत डाकू घोड्यांवरून येतात. येथें ते सायकलींवरून आले. चित्रपट गांवांत धूमधडाक्यानें चालला.

पुढें याच मंडळींनीं अमेरिकेच्या सुपरमॅनला मालेगांवांत आणलें. त्या उद्योगावर फैझा अहमद खान यांनीं २००८ सालीं 'सुपरमेन ऑफ मालेगांव' हा माहितीपट केला, आणि तो देशोदेशींच्या महोत्सवांत गाजला. त्यांत कॅमेरा सरकविण्यासाठीं सायकल आणि उंच नेण्यासाठीं बैलगाडी वापरलेली दिसते. सुपरमॅन झाला शफीक शेख, मागावरचा अंगानें काटकुळा मजूर. आणि त्याच्यासमोरचा खलपुरुष जग जिंकूं पाहणारा नव्हे, तर शहरांत घाण माजावी अशी इच्छा धरणारा. येथें आम्ही वाचकांस क्षणभर थांबण्याची विनंति करतों. यांत हंसण्यासारखें आहे, आणि मालेगांवकर पोट धरून हंसलेहि. पण ते शफीकला हंसले नाहींत. जगांतील सर्वांत बलाढ्य पुरुष आपल्या गल्लींतील गटारापाशीं येऊन उभा राहिला, त्यालाहि आपल्यासारखाच खोकला आहे, या आनंदानें ते हंसले. २०१२ सालीं तो माहितीपट चित्रपटगृहांतून लागला, तेव्हां शफीक कर्करोगानें या जगांतून गेलेला होता. २०२५ सालीं रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगांव' हा चित्रपट या सर्व कथेवर निघाला. त्यांतील कॅमेरे, दिवे, नट सर्व उत्तम होते. तो आम्हांस आवडला. परंतु मालेगांवच्या लोकांस पुनःपुन्हां काय पाहावेंसें वाटेल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

या विवेचनावरून कोणी असें समजूं नये कीं, दारिद्र्य हा कलेंतील गुण आहे असें आमचें म्हणणें आहे. स्वस्तांत काढलेले बहुतेक चित्रपट आळसानें व लोभानें काढलेले असतात, आणि ते योग्य रीतीनेंच मरतात. जे जगतात त्यांच्या ठायीं एक गोष्ट आढळते : करणाऱ्याची महत्त्वाकांक्षा त्याच्या खिशाहून फार मोठी असते, आणि ती तो लपवीत नाहीं. फाळक्यांस स्वर्गलोक दाखवावयाचा होता, नासिर शेखला मनुष्य आकाशांत उडवावयाचा होता. आकांक्षा आणि साधन यांच्यामध्यें जी दरी राहिली, त्या दरींतच प्रेक्षकाची जागा आहे. हेंच कारण कीं, मुद्दाम वाईट काढलेले चित्रपट लोकांस रुचत नाहींत. त्यांत दरी रंगविलेली असते, खरी नसते. आणि ज्या प्रेक्षकाच्या घरांतहि आकांक्षा मोठी आणि खिसा लहान असा रोजचा हिशेब आहे, त्यास तो पडद्यावरचा हिशेब ओळखीचा वाटला तर त्यांत आश्चर्य कसलें?

परंतु या प्रेमाच्या पोटीं एक दुःखद गोष्ट आहे. ज्यांचें आयुष्य लोकांच्या मनांत इतकें दीर्घ, त्यांचीं शरीरें मात्र फार अल्पायुषी ठरलीं. आपल्याकडे तयार झालेल्या तेराशेंहून अधिक मूकपटांपैकीं मूठभरच उरले आहेत. 'राजा हरिश्चंद्र'चाहि कांहीं अंशच आज पाहावयास मिळतो. आणि पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) याची एकहि प्रत शिल्लक नाहीं. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं. तोंवर जें गेलें तें गेलें. आणि त्यांत भगवानदादांच्या मारधाडीच्या बोलपटांसारखें, कोणीहि जपण्याच्या योग्यतेचें न मानलेलें धन अधिक होतें. मोठ्या चित्रपटांस वारस असतात, संस्था असतात. या चित्रपटांस प्रेक्षकांवांचून कोणी नाहीं. व्हिडिओच्या फिती तर सेल्युलॉइडहूनहि लवकर विटतात. फिरते तंबूहि उठत चालले. २०१६ सालीं शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट कान महोत्सवांत दाखविण्यांत आला व तेथें त्याचा गौरव झाला. त्यांत आपल्याच महाराष्ट्रांतील यात्रांमधून फिरणाऱ्या तंबूवाल्यांचा आणि गंजत चाललेल्या यंत्रांचा शेवटचा काळ टिपलेला आहे. जें आमच्या अंगणांतून नाहींसें होत होतें, त्याचें मोल परक्या किनाऱ्यावर झालें.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. प्रत्येक तालुक्याच्या गांवीं जुनी वाचनालयें आहेत; त्यांनीं पोथ्या आणि मासिकें जपलीं तसें आपल्या भागांत निघालेल्या चित्रपटांच्या फिती, भिंतीवरचे जाहिरातकागद, तंबूवाल्यांच्या वह्या आणि त्या तंबूंत बसलेल्या वृद्धांच्या आठवणी यांचा संग्रह करावा. हें काम पैशाचें थोडें आणि आस्थेचें फार आहे. म्हणजे ज्या चित्रपटांविषयीं आम्ही लिहीत आहों त्यांना शोभण्यासारखेंच आहे. मंगरूळपिराच्या तंबूंत फीत तुटली असतां अंधारांत बसलेल्या लोकांनीं ती कथा आपल्या तोंडीं घेऊन पुढें नेली. आतां पुन्हां फीत तुटलेली आहे, आणि ती जोडणारा मनुष्यहि यंत्रापाशीं उरलेला नाहीं. पुढचें वाक्य ज्यांना पाठ आहे ते अजून हयात आहेत. त्यांना तें मोठ्यानें म्हणावयास लावणें, एवढेंच आपल्या हातीं आहे.